गोळी घेण्यापूर्वी चार प्रश्न

(मंडळाच्या तिळगूळ समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या आरोग्य खात्यात औषधांच्या खिडकीवर काम करतो. डॉक्टरसाहेबांनी पर्च्यावर लिहिलेले औषध मोजून द्यायचे आणि ते कसे घ्यायचे हे सांगायचे, एवढेच माझे काम. पण या खिडकीची एक गंमत आहे. डॉक्टरांसमोर माणूस जे विचारायला संकोचतो, ते तो खिडकीवर विचारतो. मागे रांग लागलेली असते, तरी हळूच विचारतो, ‘भाऊ, ही दुधाबरोबर चालेल ना?’ असे प्रश्न रोज ऐकून माझी एक समजूत पक्की झाली आहे. नुसती गोळी म्हणजे औषध नव्हे. ती कोणती, किती, केव्हा आणि किती दिवस घ्यायची, हे चार शब्द तिच्याबरोबर असतील तरच ती औषध होते. हे चार शब्द वगळले, तर तीच गोळी निरुपयोगी ठरते आणि काही वेळा घातकही. आज या चार प्रश्नांबद्दलच बोलणार आहे.

पहिला प्रश्न : यात काय आहे?

प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, मोठ्या अक्षरात छापलेले. दुसरे आत असलेल्या द्रव्याचे. आपल्या घरात जसे पाळण्यातले नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे, तसेच हे. आपण हाक मारायचे नाव पाठ करतो, पण महत्त्वाचे असते ते पाळण्यातले.

एक उदाहरण देतो. आजोबांना ताप आला. घरातली तापाची गोळी दिली, ती पॅरासिटामॉलची. नाक वाहते म्हणून सर्दीची गोळी दिली. अंग दुखते म्हणून शेजारच्यांनी आणखी एक सुचवली. नावे तीन, पाकिटे तीन. पण सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही असते. म्हणजे आजोबांच्या पोटात एकच औषध तीन दारांनी गेले.

पॅरासिटामॉल हे चांगले आणि सुरक्षित औषध आहे, पण मर्यादेत. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, आणि दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तासांचे अंतर. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. शरीरात गेलेल्या पॅरासिटामॉलच्या छोट्याशा भागाचे यकृतात विषारी द्रव्य बनते. यकृताजवळ त्यावर उताराही असतो, पण त्याचा साठा मोजका. मात्रा फार झाली की साठा संपतो आणि ते विष यकृताच्याच पेशी मारू लागते. वाईट गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी माणसाला फारसे काही जाणवतही नाही. म्हणून जास्त मात्रा गेल्याचे कळले की त्रास होण्याची वाट न पाहता इस्पितळात जावे. वेळेवर गेल्यास त्यावर उतारा मिळतो.

दुसरे उदाहरण. एका डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहिली. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी तीच गोळी दुसऱ्या कंपनीची लिहिली. आजी जुनीही घेतात आणि नवीही. चक्कर येऊन पडल्या की घरचे म्हणतात, वयाने झाले.

यावर उपाय सोपा आहे. घरातला प्रत्येक माणूस रोज कोणती औषधे घेतो, ते एका कागदावर आतल्या द्रव्याच्या नावाने लिहून ठेवा. शेजारी किती मिलिग्रॅम तेही लिहा. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या. नावे वाचता येत नसतील, तर रिकाम्या पट्ट्या न्या. पट्टी कापताना मात्र नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्या.

याच संदर्भात जनऔषधी केंद्राबद्दल नेहमी विचारतात, ‘इतकी स्वस्त, मग गुण येईल का?’ २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत कंपनीच्या हाक मारायच्या नावाऐवजी द्रव्याच्या मूळ नावाने औषध विकतात. जाहिरातीचा आणि मधल्या साखळीचा खर्च वाचतो, म्हणून किंमत कमी. द्रव्य तेच आणि मिलिग्रॅम तेवढेच आहेत का, एवढे ताडून पाहा. फिट्स, थायरॉईड अशा आजारांत कंपनी वारंवार बदलू नये. बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून बदलावी.

दुसरा प्रश्न : किती?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे तो लहान मुलांसाठी. नातवंडे असलेल्या आजी-आजोबांनी इथे जरा लक्ष द्यावे.

मुलांसाठी पॅरासिटामॉल तीन रूपांत मिळते. एका सिरपच्या ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते. दुसऱ्या, अधिक तीव्र सिरपच्या ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. आणि तिसरे म्हणजे थेंब, ज्यांच्या एकाच मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. आता हिशेब करू. मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. साधारणपणे दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळाला १५ च्या हिशेबाने १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर पहिले सिरप ६ मिली लागेल, दुसरे ३ मिली, आणि थेंबांचे औषध फक्त दीड मिली.

आता असे समजा, की सिरपची बाटली संपली आणि घरात थेंबांची बाटली सापडली. आजीने नेहमीसारखा एक चमचा भरून दिला. ५ मिली थेंबांमध्ये ५०० मिलिग्रॅम असते, म्हणजे मोठ्या माणसाची एक पूर्ण गोळी. १० किलोच्या बाळाला तिप्पट मात्रा गेली. तीही दिवसातून चार वेळा गेली, तर काय होईल ते सांगायला नको. बाटली लहान आहे म्हणजे औषध सौम्य आहे, ही समजूत अगदी उलटी आहे. थेंब लहान बाळांना थोडक्यात देता यावेत म्हणून जास्त तीव्र केलेले असतात.

त्यातच आपला चमचा. साबुदाणा वाढायचा वेगळा, चहाचा वेगळा, पोह्यांबरोबर येतो तो आणखी वेगळा. कशात ३ मिली मावते, कशात ८. म्हणून बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण किंवा ड्रॉपरच वापरा. ते हरवले असेल तर मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. दोन-चार रुपयांच्या गोष्टीने मोठा धोका टळतो.

खोकल्याच्या औषधाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी आपल्याच प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात काय घडले ते आपण सर्वांनी वाचले आहे. खोकल्याचे सिरप घेतल्यानंतर मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि वीसहून अधिक कोवळी मुले गेली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी द्रव्य सापडले. ते चवीला गोड असते, म्हणून चाखून किंवा वास घेऊन ओळखता येत नाही. ते ओळखणे आई-बापांचे कामही नव्हे. ती जबाबदारी औषध बनवणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांची.

पण आपल्या हातात एक गोष्ट आहे. गरज नसलेले औषध न देणे. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच वेळी दिली. लहान मुलांचा बहुतेक सर्दी-खोकला आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. कोमट पाणी, विश्रांती, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि एक वर्षावरील मूल असेल तर झोपताना थोडा मध, एवढे पुरते. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका. बारशाला मध चाटवण्याची रीत आपल्या घरांत आहे, पण मधात एका जंतूची बीजे असू शकतात आणि बाळाच्या कोवळ्या आतड्यात ती रुजून स्नायू लुळे पाडतात. मूल धाप टाकत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखान्यात न्या. आणि दिलेल्या औषधाची बाटली फेकू नका. तिच्यावरचा बॅच नंबर हाच पुढचा पुरावा असतो.

तिसरा प्रश्न : केव्हा आणि कशाबरोबर?

‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ हे शब्द पर्च्यावर उगाच लिहिलेले नसतात.

थायरॉईडची गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आपल्याकडे डोळे उघडले की चहा लागतो, म्हणून अनेक जण दोन्ही बरोबरच उरकतात. मग गोळी पुरेशी शोषली जात नाही, तपासणीत आकडा वाढलेला येतो आणि डॉक्टर मात्रा वाढवतात. चूक गोळीची नसते, चहाची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर तिच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे.

लोहाच्या गोळीचेही तसेच. चहातील टॅनिन लोहाला पकडून ठेवते आणि ते रक्तात पोहोचत नाही. उलट लिंबाचे सरबत किंवा आवळा बरोबर असेल तर लोह चांगले शोषले जाते. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरू नका.

दुधाला आपण पवित्र मानतो, ते ठीकच. पण डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी अँटिबायोटिके दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जातात आणि वाया जातात. ती पाण्याबरोबर घ्यायची. अॅसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण आम्ल तयार होण्यापूर्वी तिला पोहोचायचे असते. मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, म्हणजे पोट बिघडत नाही. दुखण्याची गोळी कधीही रिकाम्या पोटी नाही.

आणखी एक. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून पुरणात किंवा केळ्यात घालून देण्याची सवय अनेक घरांत आहे. पण नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरे असतील, तर ती गोळी कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटावे म्हणून तिची बांधणी तशी केलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदमच अंगावर येतो. काही गोळ्यांवरचे आवरण पोटातले आम्ल चुकवून आतड्यात उघडण्यासाठी असते. तेही कुटल्याने जाते. गिळणे जमत नसेल तर तसे सांगा. बऱ्याचदा तेच औषध पातळ रूपात मिळू शकते.

चौथा प्रश्न : किती दिवस?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक औषधाचे वेगळे असते. गोंधळ होतो तो इथेच. जी थोडेच दिवस घ्यायची ती आपण वर्षानुवर्षे घेतो, आणि जी जन्मभर घ्यायची ती आठ दिवसांत सोडतो.

थोडे दिवस घ्यायची म्हणजे दुखण्यावरची. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक ही मंडळी. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग मूत्रपिंडांना जातो. शरीरात पाणी कमी पडले, वय वाढले, की तिथली वाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य मदत करते. दुखण्याच्या गोळ्या नेमके तेच द्रव्य बनू देत नाहीत. दुखणे थांबते, पण मूत्रपिंडाचा पाणीपुरवठाही तुटतो. तरुण माणसाने दोन-तीन दिवस घेतली तर सहसा बिघडत नाही. पण सत्तरीच्या आजी, गुडघेदुखी, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात मे महिन्यातला माळव्याचा उन्हाळा, आणि वर रोज दुखण्याची एक गोळी, हा योग फार वाईट.

गिधाडांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९९० नंतर आपल्या देशातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली, काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. २००४ साली कारण सापडले. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण मूत्रपिंडाचे त्या औषधाशी वैर आहे, एवढे यातून लक्षात ठेवावे. गुडघ्यांना शेक, व्यायाम, वजन कमी करणे, वरून लावायचे मलम हे आधी. गोळी लागलीच तर डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस.

आता अँटिबायोटिक. हे जंतूंवरचे औषध आहे, विषाणूंवरचे नव्हे. पेनिसिलिनचे काम कसे चालते पाहा. जंतू आपल्याभोवती भिंत बांधतो, पेनिसिलिन ते बांधकाम थांबवते, आणि जंतू फुटतो. विषाणूला भिंतच नसते. मग पाडणार काय? साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू आणि घशाच्या बहुतेक तक्रारी विषाणूंच्या असतात. तिथे अँटिबायोटिक घेऊन विषाणू मरत नाही. आतड्यातले उपयोगी जंतू मात्र मरतात आणि मागे उरतात ते औषधाला दाद न देणारे.

हे आज कळलेले नाही. १९२८ साली पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरणार नाहीत, उलट औषध पचवायला शिकतील. आपल्या देशात पेनिसिलिन बनवण्यासाठी पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखान्याची कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. आपल्या आजोबांच्या पिढीला ते इंजेक्शन म्हणजे चमत्कार वाटे. तो चमत्कार आपल्या नातवंडांसाठी शिल्लक ठेवणे आपल्या हातात आहे.

त्यासाठी पट्टी उलटी करून पाहा. तिच्यावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. काही अँटिबायोटिकांवर तर लाल चौकट असते. ती विकताना दुकानदाराला डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाचच दिवस. बरे वाटले म्हणून तीन दिवसांत थांबायचे नाही आणि उरलेल्या दोन गोळ्या पुढच्या तापासाठी जपायच्या नाहीत. क्षयरोगाच्या बाबतीत तर हे फार जपायला हवे. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि महिनाभरात माणसाला इतके बरे वाटते, की तो गोळ्या सोडतो. पुन्हा उलटलेला क्षय पहिल्यापेक्षा हट्टी असतो आणि तो घरातल्या इतरांनाही तसाच लागतो.

जन्मभराच्या गोळ्यांत पहिला नंबर रक्तदाबाचा. ‘आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न मी रोज ऐकतो. चष्मा लावल्यावर नीट दिसते म्हणून कोणी चष्मा फेकून देतो का? बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, आणि नेमका म्हणूनच तो फसवतो. त्यातही अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर हृदयाची धडधड आणि छातीत दुखणे उसळू शकते. गोळीने पाय सुजतात, खोकला येतो, असे काही होत असेल तर डॉक्टरांना सांगा. दुसरी गोळी मिळते. पण आपणहून सोडू नका.

शेवटी, घरातला औषधांचा डबा

बहुतेक घरांत तो देवघराखाली, फ्रिजवर किंवा ओट्याजवळ असतो. ओट्याजवळची ऊब आणि वाफ औषधांना मानवत नाही. कोरड्या, सावलीच्या आणि मुलांचा हात न पोहोचणाऱ्या जागी तो ठेवा. मुदत म्हणून महिना छापलेला असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. पण ती मुदत बंद बाटलीची असते. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिनाभरात संपवा, उरले तर टाका. मुलांच्या पावडरीत पाणी घालून केलेले अँटिबायोटिक सिरप साधारण आठवडाभरच टिकते. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी कामाचे राहत नाही.

आज घरी गेल्यावर हा डबा एकदा टेबलावर रिकामा करा. मुदत संपलेली, नाव नसलेली आणि कोणाची ते न आठवणारी औषधे बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येक औषधापुढे आपले चार प्रश्न विचारा : यात काय आहे, किती घ्यायचे, केव्हा आणि कशाबरोबर, किती दिवस. ज्याचे उत्तर येणार नाही, ते घेऊन खिडकीवर या. सरकारी असो की बाजारातली, त्या खिडकीमागचा माणूस फक्त गोळ्या मोजायला बसलेला नाही. या प्रश्नांची उत्तरे देणे हाही त्याच्या नोकरीचा भाग आहे. मागे रांग असली तरी संकोच करू नका. रांगेतल्या लोकांनाही बहुधा तेच विचारायचे असते.

 आज संक्रांतीचा सण आहे. तेव्हा तिळगूळ न विचारता घ्या, गोळी मात्र विचारूनच घ्या.